हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेलाय: रक्त काढून यायचं की डोस खाली आणायचा?

स्टिरॉइडच्या सायकलच्या (ठरावीक आठवड्यांच्या कोर्सच्या) मध्यात सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) केला, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींची टक्केवारी, ५४ च्या वर आला, आणि आता जिममध्ये ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतोय, कोणी म्हणतं रक्तदान करून ये, कोणी म्हणतं ऍस्पिरिन चालू कर, कोणी म्हणतं अरे गिअरवर (स्टिरॉइडवर) सगळ्यांचंच वाढतं, पाणी पी आणि विसरून जा. मी यातून गेलोय. माझा ५५.८ आला होता आणि त्यानंतर दीड वर्ष मी नुसतं रक्त काढत राहिलो, आकडा खाली यायचा, परत वर जायचा, आणि मला मनापासून वाटायचं की मी हे नीट सांभाळतोय. नव्हतो सांभाळत. म्हणून जे जे पर्याय लोक सांगतात ते इथे शेजारी शेजारी ठेवतोय, कशाने काय मिळतं, किती दिवसांत मिळतं आणि बदल्यात काय जातं.

त्याआधी एक गोष्ट. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, अचानक दम लागत असेल, छातीत दुखत असेल, तोंड एका बाजूला वाकडं झालं असेल, बोलताना जीभ अडखळत असेल किंवा एका डोळ्याचं दिसणं गेलं असेल तर हे पुढचं काही वाचू नको, सरळ इमर्जन्सीत जा आणि काय काय घेतोस ते तिथे पहिल्याच वाक्यात सांग.

आकडा खरा आहे का ते आधी बघ

हिमॅटोक्रिट म्हणजे रक्ताच्या एकूण भागात लाल पेशींनी किती टक्के जागा अडवलीय ते. पुरुषांमध्ये साधारण ४० ते ५० चालतं. आता पाणी कमी प्यायलं असेल तर प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) कमी होतो, पेशी तेवढ्याच राहतात पण टक्केवारी फुगते, त्यामुळे रात्रभर पाणी नाही, सकाळी उठून फास्टेड कार्डिओ, घाम गाळून तसाच लॅबमध्ये, असं केलं की दोन-तीन पॉइंट उगाच वर दिसू शकतात. शिवाय बहुतेक मशीन हिमॅटोक्रिट थेट मोजतच नाहीत, पेशींची संख्या आणि पेशीचा सरासरी आकार यांच्या गुणाकारातून काढतात, आणि सॅम्पल बराच वेळ तसंच पडून राहिलं तर पेशी फुगतात आणि आकडा वाढतो. हिमोग्लोबिन मात्र सरळ मोजलं जातं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघ, हिमोग्लोबिन १८ च्या पुढे असेल तर आकडा खरा धर, हिमोग्लोबिन १६ आणि हिमॅटोक्रिट ५४ असं विचित्र काही दिसलं तर दोन दिवस नीट पाणी पिऊन परत टेस्ट कर.

पण इथेच एक फसगत होते. पाणी पिऊन जो आकडा उतरतो तो डिहायड्रेशनचा भाग असतो. पेशी खरोखर जास्त बनल्या असतील तर कितीही लिटर पाणी प्यायलास तरी त्या कुठे जात नाहीत. आणि बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत स्टेजवर जायच्या आधी पाणी तोडून वर लघवीच्या गोळ्या घ्यायची पद्धत ज्याचा हिमॅटोक्रिट आधीच ५३ आहे त्याच्यासाठी फार वाईट, घट्ट रक्त अजून घट्ट होतं.

काहीच न करणं

हा पण एक पर्यायच आहे आणि सगळ्यात जास्त लोक हाच निवडतात म्हणून याच्याबद्दल बोलायलाच पाहिजे. ५४ ही रेघ आली कुठून तर एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये, डॉक्टरांनी दिलेल्या टेस्टोस्टेरॉन थेरपीवर असताना ५४ ओलांडला तर थेरपी थांबवा, खाली आला की कमी डोसवर परत सुरू करा असं आहे. ही रेघ थेरपीच्या डोससाठी आहे, म्हणजे आठवड्याला १०० मिलिग्रॅमच्या आसपास घेणाऱ्यांसाठी. आठवड्याला ५०० मिलिग्रॅम टेस्ट (टेस्टोस्टेरॉन) आणि वर डेका किंवा इक्वीपॉइजसारखं दुसरं स्टिरॉइड घेणाऱ्याला ५३.५ म्हणजे सेफ असं कुणीही लिहून दिलेलं नाही.

आणि 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेस्टोस्टेरॉन थेरपीवरच्या पुरुषांचे रेकॉर्ड तपासले गेले, ज्यांचा हिमॅटोक्रिट ५२ पर्यंत किंवा वर गेला त्यांच्यात पहिल्या वर्षात हार्ट अटॅक, स्ट्रोक, गुठळी असल्या घटना ५.१५ टक्के आणि ज्यांचा वाढला नाही त्यांच्यात ३.८७ टक्के. फरक आभाळाएवढा नाही, पण तो थेरपीच्या डोसवरचा आहे. आपल्यासारख्या गिअर घेणाऱ्यांमध्ये त्याच्या जोडीला वाढलेलं बीपी असतं, तळाला गेलेलं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) असतं, जाड झालेली हृदयाची भिंत असते. हे सगळं एकत्र धर. मी काहीच न करणं हा पर्याय बाजूला काढतो.

रक्त काढणं

याचा फायदा खरा आहे आणि तो पटकन मिळतो. एका वेळी ४५० ते ५०० मिली काढलं की हिमॅटोक्रिट साधारण ३ पॉइंट उतरतो, डोकं हलकं होतं, चेहऱ्याची लाली कमी होते. आकडा खूपच वर असेल, डोकेदुखी, अंधारी असं काही होत असेल तर डॉक्टर हेच आधी करतील आणि तेच बरोबर आहे, बाकी कुठलाच पर्याय इतका लवकर काम करत नाही.

पण यात नक्की होतं काय ते समजून घे. टेस्टोस्टेरॉन दोन ठिकाणी हात घालतो, किडनीतून ईपीओ (लाल पेशी बनवायला सांगणारं हार्मोन) वाढवतो आणि लिव्हरमधलं हेप्सिडिन (लोह अडवून ठेवणारं हार्मोन) दाबतो, हेप्सिडिन दबलं की साठवलेलं लोह मोकळं होऊन नवीन पेशी बनवायला जातं. तू रक्त काढलंस तरी हे दोन्ही हुकूम चालूच आहेत, बोनमॅरो (हाडातला मगज, जिथे रक्तपेशी बनतात) परत कामाला लागतो. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ना, तसं. कॅनडात टेस्टोस्टेरॉन थेरपीवरच्या रक्तदात्यांचा अभ्यास २०१७ मध्ये आला होता, वरचेवर रक्त देऊनही बऱ्याच जणांचं हिमोग्लोबिन पुढच्या वेळी परत वरच सापडत होतं. माझं पण तेच, ५५.८ वरून ५२, दहा आठवड्यांत परत ५५.

आणि खरी किंमत लोहात मोजावी लागते. प्रत्येक वेळच्या रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं, पुरुषाच्या अंगात साठा असतो साधारण एक ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे चार-पाच वेळा काढलं की डबा रिकामा. माझा फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ९ झाला होता. सेट मारताना दम नाही, रात्री पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत, केस गळतायत, आणि मी समजत होतो की गिअर खोटं मिळालं. मग लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि महिन्याभरात हिमॅटोक्रिट परत उडाला, कारण बोनमॅरो लोहाचीच वाट बघत बसला होता. मग परत रक्त काढलं. या चक्रात माणूस एकाच वेळी लोहाने कंगाल आणि रक्ताने घट्ट राहतो, आणि लोह कमी असलं की प्लेटलेट वाढू शकतात, म्हणजे गुठळीची भीती ज्यासाठी कमी करायला निघालो तीच दुसऱ्या दाराने आत येते.

रक्तदान आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर केलेली फ्लेबोटॉमी (उपचार म्हणून रक्त काढणं) या दोन गोष्टी पण वेगळ्या आहेत, लोक एकच समजतात. रक्तदानाच्या फॉर्मवर सुया आणि औषधांबद्दल विचारलेलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी डॉक्टरने न दिलेलं इंजेक्शन घेणाऱ्याला रक्त देता येत नाही. तिथे खोटं लिहून दिलेलं रक्त एखाद्या गरोदर बाईला किंवा लहान मुलाला लागणार असतं हे डोक्यात ठेव. मी स्वतः एकदा तसं लिहिलंय आणि मला त्याची आजही खंत आहे. चिठ्ठी घे, खरं सांग, ते रक्त कुणाला द्यायचं का टाकायचं ते त्यांना ठरवू दे. आणि घरी स्वतः सुई लावून रक्त काढणं, ज्याचे व्हिडिओ फिरतात, ते कुठल्याही परिस्थितीत नाही. किती गेलं कळत नाही, चक्कर येऊन पडलास तर शेजारी कोणी नसतं, इन्फेक्शनचा धोका वेगळाच.

डोस कमी करणं, औषध बदलणं, थांबणं

इथे नळच बंद होतो, पण वेळ लागतो. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे आज डोस अर्धा केला तरी पहिले तीन-चार आठवडे रिपोर्ट बघून निराशाच येईल, खरी उतरण दोन-तीन महिन्यांनी दिसते. त्यात इक्वीपॉइज किंवा डेकासारखं लांब एस्टर (हळूहळू सुटत राहणारं इंजेक्शन) असेल तर औषधच आठवडेच्या आठवडे अंगात राहतं, तो वेळ वेगळा धर.

डोसचा संबंध सरळ आहे. आठवड्याला २५ पासून ६०० मिलिग्रॅमपर्यंत टेस्टोस्टेरॉन २० आठवडे देऊन जे प्रयोग झाले त्यात डोस जसा वाढला तसं हिमोग्लोबिन वाढत गेलं, आणि वयस्क पुरुषांत तरुणांपेक्षा जास्त वाढलं. म्हणजे पंचविशीत जे पचलं ते चाळिशीत पचेल असं नाही. औषधांमध्ये पण फरक आहे, ऍनाड्रॉल (स्टिरॉइडची गोळी) तर ऍनिमियावरचं औषध म्हणून वापरलं गेलंय, डेका पण किडनीच्या पेशंटच्या ऍनिमियासाठी दिलं जायचं, रक्त वाढवणं हेच त्यांचं काम. आकडा वर असताना स्टॅकमधून (एकत्र घेतलेल्या औषधांतून) आधी काय जायला पाहिजे हे यावरून कळतं. थेरपीवाल्यांमध्ये इंजेक्शनपेक्षा जेलवर हिमॅटोक्रिट कमी वाढतो हे दिसलंय, पण जेलने बॉडीबिल्डिंगचे डोस गाठले जात नाहीत, त्यामुळे तो फायदा खरं तर कमी डोसचाच फायदा आहे असं मला वाटतं.

बदल्यात काय जातं? साइज जाते थोडी, आणि मन. एकदम सगळं बंद केलं तर स्वतःचा टेस्टोस्टेरॉन बंद पडलेला असतो, काही महिने झोप, मूड, इच्छा सगळं तळाला जाऊ शकतं, काही जण खोल डिप्रेशनमध्ये जातात. म्हणून हे एकट्याने करू नको, एंडोक्राइनचा डॉक्टर गाठ, तो डोस खाली कसा आणायचा आणि मधल्या काळात काय द्यायचं ते बघेल. जीव नकोसा वाटायला लागला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांग. ब्लास्ट अँड क्रूझवाल्यांनी (पूर्ण बंद न करता आलटून पालटून जास्त आणि कमी डोस घेणाऱ्यांनी) एक लक्षात घ्यावं, क्रूझ म्हणजे कमी डोस म्हणून आठवड्याला २५०-३०० मिलिग्रॅम चालवलं तर बोनमॅरोला सुट्टी मिळतच नाही.

बाकीचं

ऍस्पिरिन प्लेटलेटवर काम करते, हिमॅटोक्रिट एका पॉइंटनेही कमी करत नाही, आणि पोटात रक्तस्राव करू शकते. डॉक्टरने तुझं हृदय बघून दिली तर घे, आकडा मोठा आला म्हणून मनाने नको. ग्रेपफ्रूटच्या मागे लागलेले लोक एका जुन्या छोट्या अभ्यासावर सगळी इमारत उभी करतात, आणि ग्रेपफ्रूटमुळे आतड्यातली औषधं जिरवणारी यंत्रणा अडते, कोलेस्टेरॉलच्या आणि बीपीच्या काही गोळ्या रक्तात जास्त साठतात, त्यामुळे मी त्याच्या नादी लागणार नाही.

दोन गोष्टींकडे मात्र लोक बघतच नाहीत. एक म्हणजे झोप. मान जाड, वजन शंभरच्या वर, रात्री घोरतोस आणि सकाळी उठलास की डोकं जड असेल तर स्लीप ऍप्नियाची (झोपेत श्वास थांबण्याची) टेस्ट कर, रात्री ऑक्सिजन पडत राहिला की किडनी ईपीओ वाढवते आणि टेस्टोस्टेरॉनच्या वर ही दुसरी भर पडते. सिगारेटचं पण तसंच. दुसरी म्हणजे बीपीची गोळी. बीपी वाढलेलंच असेल आणि गोळी लागणारच असेल तर टेल्मिसार्टन, लोसार्टनच्या गटातली औषधं हिमॅटोक्रिट पण थोडा खाली ओढतात, किडनी ट्रान्सप्लांटनंतर वाढलेल्या रक्तासाठी डॉक्टर या गटाचा उपयोग करतात. उलट शुगरच्या काही गोळ्या, नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असलेल्या, हिमॅटोक्रिट वाढवतात, कटिंगसाठी (चरबी उतरवायला) कोणी चालू केल्या असतील तर हे माहीत पाहिजे.

इंटरनेटवर ४५ च्या खाली आणाच असं वाचलं असशील. तो आकडा पॉलिसायथेमिया व्हेरा या आजाराचा आहे, त्यात बोनमॅरोच बिघडलेला असतो, २०१३ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ४५ च्या खाली ठेवलेल्यांना गुठळ्या खूप कमी झाल्या. आपला प्रकार वेगळा, तो आकडा गाठायला रक्त काढत सुटू नको. पण गिअर थांबवून चार-सहा महिने झाले आणि तरीही आकडा वरच, किंवा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पण वाढलेल्या, तर जॅक२ टेस्ट (याच आजारासाठीची जनुकाची तपासणी) आणि ईपीओ लेव्हल करायला सांग, सगळं स्टिरॉइडच्या माथी मारून खरा आजार निसटायला नको.

मी काय निवडेन

५० ते ५२ असेल, बीपी ठीक, त्रास काही नाही: डोस खाली, झोप तपास, सहा-आठ आठवड्यांनी परत सीबीसी, रक्त काढायची गरज नाही. ५४ च्या वर: औषध बंद करायच्या दिशेने डॉक्टरबरोबर, आणि त्यांना वाटलं तर एखाद-दुसरी फ्लेबोटॉमी, पण ती पेशी मरेपर्यंतचा मधला वेळ काढायला, सायकल चालू ठेवायला नव्हे. सीबीसीबरोबर प्रत्येक वेळी फेरिटिन कर. फेरिटिन आधीच खाली असेल तर रक्त काढायचा विषय डॉक्टरशी बोलल्याशिवाय काढूच नको. घरात कुणाला कमी वयात गुठळी, स्ट्रोक झाला असेल तर मी ५२ ला पण ५४ समजेन.

माझं म्हणशील तर मी शेवटी पूर्ण थांबलो, पहिले तीन महिने फार वाईट गेले, बायकोने आणि डॉक्टरने धरून ठेवलं. पाचव्या महिन्यात हिमॅटोक्रिट ४८, फेरिटिन ३४, एकदाही रक्त न काढता. खांदे पहिल्यासारखे नाहीत. पुढची टेस्ट तीन महिन्यांनी आहे, आदल्या दिवशी नीट पाणी पिऊन जाणार.