सेन्सर कोटाच्या बाहेर असावा की अस्तरात?

आमच्या औद्योगिक अग्निशमन केंद्रासाठी तापमान-सेन्सर असलेले कोट निवडताना दोन पर्याय समोर होते. पहिल्यात थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर) बाहेरच्या कापडावर खांद्यापाशी असतो आणि त्याची तार अस्तराच्या खिशातल्या यंत्राला जोडलेली असते. दुसऱ्यात थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा सेन्सर) आणि त्याचे यंत्र दोन्ही अस्तराच्या आतल्या बाजूस, खांद्याजवळच्या लहानशा खिशात बसतात आणि ठरवलेली मर्यादा ओलांडताच थरथरतात. दोन्ही आम्ही एकेक पावसाळा वापरले.

बाहेरच्या सेन्सरची बाजू लंगडी नाही. जाड कोटात, बीए सेटचा (पाठीवर बांधायच्या श्वसन-संचाचा) मास्क लावलेल्या जवानाला भोवतालची उष्णता वाढल्याचे उशिरा कळते, तिथे हा सेन्सर बराच आधी सावध करतो. अस्तरातला सेन्सर बोलतो तोवर उष्णता कोटाचे तिन्ही थर ओलांडून आलेली असते, आणि कातडीला सुमारे ४४ अंश सेल्सिअसला वेदना होऊ लागतात व ५५ च्या आसपास फोड येतात, हे पाहता हाती फारसा वेळ उरत नाही.

तरीही माझे मत फिरले ते धुलाईमुळे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाच्या कामालाच कर्करोगकारक ठरवले. तेव्हापासून काजळलेला कोट तसाच खुंटीला टांगण्याची सवय आम्ही मोडली. मात्र धुताना कोट आणि अस्तर वेगळे करावे लागतात, म्हणजे दर वेळी त्या तारेची जोडणी सोडवणे आले. दमट हवेत तिच्या पिना काळवंडल्या आणि ऑगस्टपर्यंत, सकाळच्या तपासणीत, काही यंत्रांवर आकड्याऐवजी नुसत्या आडव्या रेषा दिसू लागल्या. अस्तरातले यंत्र खिशातून काढले की काम झाले. ते परत बसवायला दोनदा आम्हीच विसरलो, हेही कबूल करतो.

एलपीजीच्या आगीच्या एका सरावात जवान बाहेर आला तसा बाहेरचा सेन्सर निवळला, पण त्याच्या जोडीदाराच्या अस्तरातला थरथरतच राहिला. कापडात साठलेली उष्णता आत उतरत राहते, आणि बीए सेटच्या पट्ट्यांखाली थरांमधली हवा दाबली गेल्याने ती तिथे अधिकच जाणवते. “बाहेर आलो तरी हा थांबत नाही, साहेब,” असे तो म्हणाला, आणि कोट उतरवल्यावर खांद्याची कातडी लाल झालेली दिसली.

ज्यांचे जवान वारंवार बंदिस्त जागेत शिरतात आणि ज्यांच्याकडे धुलाईची स्वतंत्र व्यवस्था आहे, त्यांना कदाचित बाहेरचाच सेन्सर सोयीचा वाटेल. आम्ही पुढची मागणी अस्तरातल्या सेन्सरची नोंदवली आहे. तुम्ही पहिला पर्याय घेणार असाल, तर विक्रेत्याला ती जोडणी तुमच्यासमोर, ओल्या कोटावर, दहा वेळा सोडवून जोडायला अवश्य सांगा.