‘५ वॅट, नवीन’ लेझर डायोड: घेण्याआधी हे वाचा

घरी हिरवा लेझर बांधायचा तर ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड लागतो. त्याचा प्रकाश निओडिमियमच्या स्फटिकात सोडायचा, तिथून १०६४ नॅनोमीटरचा किरण निघतो आणि केटीपी नावाचा दुसरा स्फटिक त्याचा हिरवा ५३२ करतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारून झालं, मिळाला नाही. शेवटी एका पोर्टलवरच्या विक्रेत्याकडून ‘५ वॅट, सी-माउंट (स्क्रूने बसवायचा धातूचा ठोकळा), एकदम नवीन’ असा मागवला.

पाकीट उघडतानाच व्हिडिओ काढला होता, तो पुढे कामी आला. डायोडच्या तारेवर जुनं सोल्डर होतं, स्क्रूच्या भोकात वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप). म्हणजे कुठल्या तरी मशिनमधून उपटलेला माल.

तरीही हीटसिंकवर (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसवून करंट हळूहळू वाढवला. असा धडधाकट डायोड साधारण १ अँपिअरच्या आसपास लेझिंग, म्हणजे खरा लेझर किरण, सुरू करतो आणि ५-६ अँपिअरला पूर्ण ताकद देतो. हा २ अँपिअर ओलांडेपर्यंत नुसता एलईडीसारखा मिणमिणत होता. पॉवर मीटर नसेल तरी मोजता येतं: ॲल्युमिनियमचा ठोकळा काळा रंगवा, मागे थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) आणि एक रेझिस्टर चिकटवा. लेझरने ठोकळा जितका तापतो तितकाच रेझिस्टरने तापवायला किती वॅट लागतात ते पाहा. ५ अँपिअरला माझा आकडा दीड वॅटही भरला नाही.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: “साहेब, स्टॅटिक लागलं असणार. वॉरंटीत बसत नाही.” खरी मेख इथे आहे. लेझर डायोड स्टॅटिकने, म्हणजे हाताला साचलेल्या स्थिर विजेने, खरोखरच मरतात, त्यामुळे हा आरोप खोडून काढणं जवळजवळ अशक्य. पण स्टॅटिकने तारेवर जुनं सोल्डर येत नाही! व्हिडिओ पाठवल्यावर सूर बदलला. “टेक्निशियनला दाखवून सांगतो”, “उद्या फोन करतो”. परताव्याची मुदत संपेपर्यंत हेच. मुदत संपल्यावर मेसेजला उत्तरंही बंद. तेव्हा विक्रेत्याशी कितीही गोड बोलणं चालू असलं तरी पोर्टलवरची रीतसर तक्रार पहिल्याच दिवशी टाका.

मधल्या काळात त्याने एक ऑफरही दिली होती. थोडे पैसे वर टाका, ७५ वॅटचा देतो! फोटो मागवला तर प्लॅस्टिकचा इवलासा तुकडा, ९०५ नॅनोमीटरचा. हे अंतर मोजायच्या यंत्रांत वापरतात. ७५ वॅट खरेच, पण १०० नॅनोसेकंदाच्या स्पंदापुरते, आणि एकूण वेळेच्या ०.१ टक्क्याहून जास्त चालवायचे नाहीत. सरासरी निघते ७५ मिलिवॅट. शिवाय ९०५ वर निओडिमियमचा स्फटिक पंप होत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य. नवख्या माणसाला मात्र ७५ हा आकडा भुरळ घालणारच.

सगळ्यात जास्त राग आला तो ‘फुकट’ आलेल्या गॉगलचा. हिरवं प्लॅस्टिक, वर ना तरंगलांबी ना संरक्षणाचा दर्जा. टीव्हीचा रिमोट त्यातून मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहिला तर लखलखीत दिसला. रिमोट ९४० च्या आसपास असतो, त्यामुळे तो अडला असता तरी ८०८ अडेल याची खात्री नव्हतीच. इथे तर तेही अडलं नाही. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर क्लास ४ मध्ये, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात, येतो. ८०८ डोळ्यांना अंधुक लाल ठिपक्यासारखा दिसतो, पापणी मिटत नाही, आणि तोवर रेटिना भाजलेला असतो. पैसे गेले तर गेले, डोळे परत मिळत नाहीत. ईएन २०७ चा (लेझर गॉगलच्या युरोपीय मानकाचा) शिक्का आणि तुमची तरंगलांबी व एलबी आकडा (संरक्षणाचा दर्जा) छापलेला नसेल तर तो गॉगल सरळ कचऱ्यात टाका.

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. व्हिडिओ, मोजणीचे आकडे, सगळे मेसेज जोडलेत. अजून पैसे आलेले नाहीत.

दुसरा डायोड घेताना एकच अट घातली: त्याच नगाचा टेस्टचा कागद हवा. सिरियल नंबर, थ्रेशोल्ड करंट (लेझिंग सुरू होतं तो), पूर्ण ताकदीचा करंट आणि २५ अंशांना मोजलेली तरंगलांबी. तापमान अंशाने वाढलं की ती सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते, म्हणून अंश लिहिलेले हवेतच. बऱ्याच जणांनी “सगळे सारखेच असतात” म्हणून टाळलं. एकाने कागद दिला, भाव दुपटीहून जास्त लावला. त्याचा डायोड ठोकळ्यावर मोजला तेव्हा आकडा कागदाच्या जवळ आला.