पृथ्वीच्या प्रारणाचा ताळेबंद: नोंदी 'सेरेस'च्या घ्याव्यात की 'गर्ब'च्या?

सूर्याकडून पृथ्वीला मिळणारे प्रारण (प्रकाश व उष्णतेच्या रूपातली ऊर्जा) आणि तिच्याकडून अवकाशात परत जाणारे प्रारण यांचा ताळेबंद उपग्रहांवरील 'सेरेस' किंवा 'गर्ब' या उपकरणांच्या नोंदींवरून मांडायचा असेल, तर आपला प्रश्न वर्षानुवर्षांच्या बदलाचा आहे की दिवसभरातल्या चढउताराचा, हे अभ्यासकाने आधी ठरवावे. बहुतेक निवड तिथेच होऊन जाते.

दीर्घकालीन बदलासाठी 'सेरेस'ला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. नासाची ही उपकरणे टेरा, अ‍ॅक्वा आणि त्यानंतरच्या ध्रुवीय कक्षेतील उपग्रहांवर असून मार्च २००० पासूनची संपूर्ण पृथ्वीची सलग नोंद त्यांच्यामुळे मिळते. मात्र तिच्या 'ईबाफ' या ताळेबंद जुळवून घेतलेल्या मासिक संचाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. दर चौरस मीटरला सरासरी सुमारे ३४० वॅट येतात, जवळपास १०० परावर्तित होतात आणि २४० च्या आसपास अवरक्त (उष्णतेच्या) रूपाने बाहेर पडतात. उरणारा फरक जेमतेम एका वॅटचा, आणि उपकरणांच्या अंशांकनातली (मोजमाप प्रमाणाशी ताडून घेण्यातली) अनिश्चितता त्याहून मोठी. म्हणून हा फरक 'आर्गो' या समुद्रात तरंगणाऱ्या स्वयंचलित मापकांनी मोजलेल्या सागरी उष्णतेशी जुळवून घेतलेला असतो. त्याची सरासरी हा उपग्रहांचा स्वतंत्र पुरावा म्हणून मांडू नये. त्यातला वर्षागणिक बदल मात्र निःशंकपणे वापरावा, कारण ही उपकरणे कमालीची स्थिर आहेत.

मेटिओसॅट या भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम राहणाऱ्या, युरोपीय हवामान उपग्रहांवरील 'गर्ब'चे बळ वेगळे आहे. अ‍ॅक्वा २०२१ पर्यंत विषुववृत्त दुपारी साधारण दीडला ओलांडत असे; त्यानंतर ही वेळ पुढे सरकत गेली आहे. काँगो खोऱ्यावरचे गडगडाटी ढग दुपारनंतर वाढत जातात, त्यांचे थंड माथे रात्रीपर्यंत पसरतात आणि बाहेर जाणारे अवरक्त प्रारण घटते. ही घट 'गर्ब' दर १५ मिनिटांनी टिपते, तर 'सेरेस'च्या ताशी संचात मधला काळ भूस्थिर उपग्रहांच्या चित्रांवरून भरून काढलेला असतो. पण 'गर्ब'ला पृथ्वीची एकच बाजू दिसते, आणि या उपकरणाचा ठसा, म्हणजे एका मोजमापात येणारा भूभाग, सुमारे ५० किलोमीटरचा आहे. टेरा-अ‍ॅक्वावरील 'सेरेस'चा खाली थेट पाहताना २० चा.

दोन्ही नोंदी एकमेकींशी पडताळून पाहणाऱ्याने आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. उपकरण एकाच दिशेने येणारे प्रारण मोजते. सर्व दिशांचे मिळून किती, हे समुद्र, वाळवंट, ढग अशा दृश्यप्रकारांच्या कोनीय प्रारूपांवरून (कोणत्या दिशेला किती प्रारण जाते याच्या गणिती नमुन्यांवरून) काढावे लागते. परावर्तित सूर्यप्रकाशासाठी 'गर्ब'ने वापरलेली प्रारूपे 'सेरेस'च्याच मोजमापांतून तयार झालेली आहेत. त्यामुळे तिथे दोन्ही आकडे जुळले, तरी ती पूर्णपणे स्वतंत्र खातरजमा ठरत नाही.