टेबलटॉप डॉब्सोनियन, १३० मिमी: मुंबईच्या गच्चीवर चालते का?
चालते, आणि पहिली दुर्बीण म्हणून हीच घ्यावी. टेबलटॉप डॉब्सोनियन म्हणजे फिरत्या बैठकीवर बसवलेली, टेबलावर ठेवायची आरशाची दुर्बीण. आरसा १३० मिमी, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) ६५० मिमी. सोबतच्या २५ आणि १० मिमी आयपीसने (डोळ्याजवळच्या भिंगाने) २६ आणि ६५ पट मोठं दिसतं; १० मिमीला दुप्पट बार्लो, म्हणजे मोठेपणा दुप्पट करणारं भिंग, जोडली की १३०. शनीची कडी ६५ पटीतच ओळखू येतात, आणि ते दृश्य खरोखर विलक्षण आहे! खोक्यावर ५०० पट लिहिलेलं असलं तरी भुलू नका, या आरशाची मर्यादा साधारण २६०.

प्लास्टिकच्या टेबलावर चित्र थरथरतं, जड लाकडी स्टूल हवं. अर्धा तास आधी बाहेर ठेवा, नाहीतर तापलेल्या आरशामुळे गुरू उकळल्यासारखा हलतो. लोकलच्या धक्क्यांनी आरसे सरकतात: ध्रुवतारा किंचित फोकसबाहेर काढा, मग दिसणारी वर्तुळं एककेंद्री नसतील तर आरशामागचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा.

शहराच्या उजेडात देवयानी दीर्घिका म्हणजे फिकट डाग. तिच्यासाठी बदलापूरपुढचं, कमी उजेडाचं वांगणी गाठावी.

पावसाळ्यात सिलिका जेलसह बंद पेटीत ठेवा. खारी, दमट हवा आरशावरचा चकचकीत मुलामा खाते. आरसा कापडाने पुसू नका. सूर्याकडे मात्र नळीच्या तोंडाशी सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय कधीच वळवू नका.