उसात सापडलेला बछडा: आईकडे की केंद्रात?

ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडले, तर आईकडे सोडणंच बरं. पशुवैद्यकाने तपासून अंधार पडण्याआधी ते क्रेटमध्ये ठेवायचे, तेही सापडले त्याच जागी. मादी तिथेच शोधत येते. झाकण तिला सहज ढकलता यावं. ट्रॅप कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप टिपणारा) लावून माणसांनी लांब जायचं. मादी एकेकाला मानगुटीला धरून नेते. माणसाचा वास लागला म्हणून पिल्लू टाकते, ही निव्वळ समजूत. ही भेट फसते ती बघ्यांमुळे: गर्दी, बॅटऱ्या, मोबाइल. मग दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न.

जुन्नरजवळच्या माणिकडोहसारखं बिबट्या बचाव केंद्र जखमी किंवा खरोखर अनाथ पिल्लांसाठी. दूध, औषध मिळतं. पण शिकार शिकवायला आई नसते, आणि ती शिकवण दीड-दोन वर्षं चालते. हातावर वाढलेला बिबट्या बहुधा पिंजऱ्यातच राहतो.