'ओव्हर्चर टू ग्लोरी'ची डिस्क: ऐकण्यासाठी घ्या

ओळीने तीन रात्री लावला, तिसऱ्या रात्री फक्त शेवट. १९४० साली अमेरिकेत तयार झालेला हा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला चित्रपट. विल्नाचा (आजच्या लिथुआनियातलं विल्नियस) खाझन, म्हणजे सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, सगळ्यांच्या वतीने प्रार्थना गाणारा, वॉर्सॉच्या ऑपेराला भुलतो, बायको-मुलाला सोडून जातो आणि पोलिश संगीतकार मोन्युश्कोच्या 'हाल्का' या ऑपेरात गाऊन नाव काढतो. योएल-डोव्हिड स्ट्राशुन्स्की या एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या खाझनच्या दंतकथेवर ही गोष्ट बेतलेली आहे. वॉर्सॉचा भाग मला उरकल्यासारखा वाटला. पण मुलगा गेल्याचं कळल्यावर त्याच्या तोंडून ऑपेराऐवजी अंगाई येते, तिथे मी डिस्क थांबवून दिवा लावला.

आवाज मॉइशे ऑयशरचा. काय गळा आहे! पूर्व युरोपातल्या बेसाराबिया प्रांतातल्या पिढीजात खाझनांच्या घरात १९०६ साली जन्मलेला हा माणूस न्यू यॉर्कमध्ये यिडिश नाटकांत कामं करायचा आणि सिनेगॉगमध्येही गायचा. नाटकवाल्याने आमच्या वतीने देवापुढे उभं राहायचं? अशी ओरड त्याच्याविरुद्धही झाली होती. पडद्यावर दिसणारं ओझं त्याने स्वतः वाहिलेलं आहे, म्हणून त्यात कुठे खोट जाणवत नाही.

शेवटी चित्रपटातला खाझन योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या संध्याकाळी परततो आणि 'कोल निद्रे' ही प्रार्थना गातो. खाझन गाताना लोकांकडे पाठ करतो, तोंड तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या कपाटाकडे. ऑपेरात सगळं उलटं, चेहरा प्रेक्षकांसाठीच. मला वाटतं, दोन्ही जगांतलं अंतर एवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे. गळा तोच, तान तीच, फक्त माणूस वळलेला.

एक तक्रार मनापासून आहे. मी घेतलेल्या डिस्कवर संवादांना इंग्रजी उपशीर्षकं आहेत, पण प्रार्थना सुरू झाली की ती गायब. 'कोल निद्रे' म्हणजे नवस-शपथांचं बंधन रद्द करणारा, अरामी या प्राचीन भाषेतला मजकूर. बायकोला, गावाला दिलेला शब्द मोडलेला माणूस नेमके हेच शब्द गातोय, हे बघणाऱ्याला कळायला नको? तिसऱ्या रात्री मी अर्थ वेगळा मिळवला, कागदावर उतरवून मांडीवर ठेवला आणि ओळीवर बोट फिरवत ऐकलं. तुम्हीही तसंच ऐका. हेडफोन लावा, जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर दोन मिनिटांत विसराल.