वर्षभराच्या आकाशदर्शनाचं नियोजन: विदर्भातल्या गावांसाठी स्टेलेरियम कितपत कामाचं?

आकाशातल्या घटनांच्या याद्या दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. वरुड किंवा धानोऱ्याच्या वावरातून त्यातलं नेमकं काय दिसेल, हे त्या सांगत नाहीत. ते शोधायला स्टेलेरियम हे कॉम्प्युटरवरचं मोफत सॉफ्टवेअर आमच्या मते आजही सगळ्यांत भरवशाचं आहे. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, गावात ही मोठीच सोय. मात्र उघडून तसंच वापरलं तर उत्तरं चुकतात, म्हणून आधी सेटिंग नीट लावा.

पहिलं काम ठिकाण. एफ ६ दाबल्यावर खिडकी उघडते. नेटवरून ठिकाण घेण्याची खूण काढून टाका, कारण हॉटस्पॉटवर ते भलतंच शहर धरू शकतं. तुम्ही गडचिरोलीत आणि सॉफ्टवेअर मुंबईत असेल, तर रेखांशात सात अंशांचा फरक पडतो. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे उदयास्त जवळजवळ अर्ध्या तासाने चुकले. बुलढाणा आणि गडचिरोली यांच्यातच पाव तासाचं अंतर आहे. मोबाइलच्या नकाशावरून आपल्या वावराचे अक्षांश-रेखांश घ्या, हाताने भरा, टाइम झोन एशिया/कोलकाता ठेवा आणि हेच ठिकाण कायमचं करा.

दुसरी अडचण सहज लक्षात येत नाही. सुरुवातीला दिसणारं जमिनीचं चित्र फ्रान्समधल्या एका गावाचं आहे आणि त्यातली झाडं क्षितिजालगतचे तारे झाकतात. विदर्भाला हे परवडणारं नाही, कारण दक्षिणेचं आकाश ही आपल्या अक्षांशाची देणगी आहे. नागपूरहून अगस्त्य हा ठळक तारा सोळा अंशांपर्यंत चढतो. त्रिशंकू तारकासमूहाचा सर्वांत खालचा तारा जेमतेम पावणेसहा अंश वर येतो. एफ ४ मध्ये लँडस्केप बदलून सपाट क्षितिजाचं घ्या, किंवा जी दाबून जमीनच काढा. मग कळतं की त्रिशंकू एप्रिलअखेरीस रात्री दहाच्या सुमारास आणि मेच्या मध्यास नऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला असतो. बघायला दक्षिणेकडे मोकळी असलेली मालगुजारी तलावाची पाळ उत्तम. पण एप्रिल-मेमध्ये धूळ आणि जंगलातल्या आगींचा धूर इतक्या खालचे तारे गिळतो, आणि हे सॉफ्टवेअर दाखवत नाही. अवकाळी पावसाने हवा धुतली गेली की त्याच रात्री पाहा, नाहीतर मार्चअखेरीस मध्यरात्री जागा.

एफ ४ मध्येच प्रकाश प्रदूषणाची बॉर्टल पट्टी आहे, १ (सगळ्यांत अंधारं आकाश) ते ९ (शहरातलं उजळ आकाश). तालुक्यापासून दूरच्या गावाला ३ किंवा ४ ठेवून बघा. पडद्यावरचे तारे आणि अंगणातून दिसणारे तारे जुळेपर्यंत आकडा हलवत राहा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, यावरून आपल्याकडचा अंधार किती मोलाचा आहे ते समजावं.

आता मुख्य काम. एफ १० ने अ‍ॅस्ट्रोकॅल्क, म्हणजे आकडेमोडीची खिडकी उघडते. त्यातल्या फेनॉमेना भागात सुरुवातीची व शेवटची तारीख आणि ग्रह निवडले की युती (दोन ग्रह जवळ दिसणं) आणि प्रतियुती (ग्रह सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येणं) यांची यादी येते. यादी लांबलचक असते आणि निम्म्या घटना आपल्याकडे दिवसा किंवा क्षितिजाखाली घडतात. प्रत्येक ओळीवर दोनदा क्लिक करून आकाश त्या क्षणाला न्या आणि उंची पाहा. दहा अंशांखालचं सगळं खोडा.

पावसाळ्याची चाळणी मात्र तुम्हीच लावायची. विदर्भाचं आकाशवर्ष कोजागिरीच्या आसपास सुरू होतं आणि मृग लागला की संपतं. १२ ऑगस्ट २०२६ ला अमावस्या आहे, म्हणून ययाती उल्कावर्षाव पडद्यावर आदर्श दिसतो. ढगांमुळे त्यावर बेत आखू नका. डिसेंबरवर जोर द्या. २०२६ मध्ये ९ डिसेंबरला अमावस्या असल्याने १३ आणि १४ च्या रात्री चंद्र मध्यरात्रीआधीच मावळतो, आणि मिथुन उल्कावर्षावाचं केंद्र, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ दोनच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतं. सॉफ्टवेअर तासाला १५० उल्कांचा आकडा दाखवेल. तो केंद्र थेट माथ्यावर आणि ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतील, असं गृहीत धरून काढलेला आहे (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा मोठा, तितका तारा मंद). आकाश ५.५ प्रतीपर्यंतच असेल, तर त्याच्या साधारण ४० टक्केच हाती लागतात. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पहाटे धुकं उतरतं, म्हणून तिथे रात्री अकरा ते दोन हीच वेळ धरा.

फेब्रुवारी २०२७ तर खास राखून ठेवा. १० च्या सुमारास गुरू आणि १९ ला मंगळ प्रतियुतीत येतात, दोघेही सिंह राशीच्या भागात, रात्रभर वर. १० बाय ५० ची दुर्बीण कशावर तरी टेकवून धरली की गुरूचे चंद्र दिसतात. मंगळ लाल ठिपकाच राहतो, कारण या प्रतियुतीत तो पृथ्वीपासून बराच लांब असतो. २१ फेब्रुवारीच्या पहाटेचं चंद्रग्रहण यादीत असेल, पण ते छायाकल्प आहे. चंद्राची एक बाजू किंचित मळकट वाटेल, एवढंच. त्यासाठी गावाला उठवू नका.

चंद्राचा अंधार ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर जास्त झटपट पडतं. वद्य दशमी ते शुद्ध चतुर्थी एवढ्या रात्री आधी अधोरेखित करा, मग त्यांवर सॉफ्टवेअर चालवा.

जागा निवडताना पराटी आणि तुरीची उंची मोजा. डिसेंबरात तूर डोक्याएवढी असते आणि खालचं आकाश खाते. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन कुठे आहे, हे उजेडातच बघून ठेवा. ताडोबा, पेंच, नवेगावच्या परिसरात रात्री वावरात जाऊच नका, घराचा स्लॅब पुरतो. कंट्रोल आणि एन दाबून पडदा लाल करा, नाहीतर अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात.

उणिवाही सांगायला हव्यात. उपग्रहांची माहिती दर काही दिवसांनी नेटवरून ताजी केली नाही, तर अंतराळ स्थानकाच्या वेळा चुकतात. मोबाइलवरची आवृत्ती तारा ओळखायला छान, पण दुचाकीजवळ किंवा टिनाच्या छताखाली तिचं होकायंत्र भरकटतं. चार पावलं दूर जाऊन फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा आणि मग ध्रुवताऱ्यावर धरून दिशा पडताळा.